तेवीस जोडपी

इंगर स्टॉयबर्ग हे नाव मला ठाऊक झालं ते एका केकमुळे. डेन्मार्कच्या स्थलांतरमंत्री असताना, २०१७ साली, परदेशी लोकांवरचा पन्नासावा निर्बंध त्यांनी केकसह फोटो टाकून साजरा केला. माझं मत तिथेच बनलं.

मग त्यांच्यावरचा खटला वाचला आणि अडखळलो. २०१६मध्ये त्यांनी फर्मान काढलं होतं : आश्रय मागणाऱ्या जोडप्यात एकजण अठराच्या आतला असेल, तर दोघांना वेगळ्या केंद्रांत ठेवा. अपवाद नाही. तेवीस जोडपी वेगळी झाली. काहींना मुलं होती. माझ्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालेलं, त्यामुळे बालविवाह म्हटला की माझी बाजू ठरलेली. मुली सुटत असतील तर या बाईंशीही सहमत व्हायला नको?

पण त्या मुलींचं म्हणणं आधी ऐकून घेणं, प्रत्येक जोडप्याचा वेगळा विचार करणं, हे कायद्याने बंधनकारक होतं. ते झालं नाही. आजीलाही कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबर २०२१मध्ये महाभियोग न्यायालयाच्या २६पैकी २५ न्यायाधीशांनी त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा ६० दिवस. पुढच्याच वर्षी त्यांनी नवा पक्ष काढला, आणि निवडणुकीत त्याला १४ जागा मिळाल्या.