थुंकीचा रंग आणि देहाची अमानत



वुजू करताना चूळ भरली आणि थुंकीत रक्त दिसले, तर वुजू राहतो का, हा प्रश्न कर्जतच्या मशिदीत मला वारंवार विचारला जातो. हनफी फिकहचे उत्तर स्पष्ट आहे. थुंकी लाल असेल, म्हणजे रक्त थुंकीपेक्षा अधिक किंवा तिच्या बरोबरीचे असेल, तर वुजू तुटतो. थुंकी केवळ पिवळसर दिसत असेल तर तुटत नाही. कोकणातील आपल्या शाफई बंधूंच्या मते अशा रक्ताने वुजू मुळीच तुटत नाही. विचारणारा उत्तर ऐकतो, पुन्हा वुजू करून सफमध्ये उभा राहतो, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न घेऊन परत येतो. मसला सुटलेला असतो. रक्त थांबलेले नसते.

फुकहांनी आपल्याला थुंकीचा रंग निरखायला लावले, ते नमाजसाठी. परंतु ज्या डोळ्यांनी वुजूचा निर्णय केला, त्याच डोळ्यांनी देहाचा निरोपही वाचता येतो. आपल्या देहाचाही आपल्यावर हक्क आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना बजावले होते, ते नफल इबादतीत स्वतःला झिजवू लागले तेव्हा. इबादतीसाठीसुद्धा देहाचा हक्क मारता येत नाही. मग आळसासाठी कसा मारता येईल?

निरोगी हिरडीतून सहसा रक्त येत नाही. दातांच्या मुळाशी साचलेला चिकट थर लाळेतील क्षारांमुळे घट्ट होतो, त्याचे कीटण बनते आणि हिरडी सुजते. या अवस्थेत स्वच्छता केली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर आजार आत उतरतो आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. उपचाराने झीज थांबवता येते, एवढेच. आणि हे सारे बहुधा वेदनेविना घडते. आपल्याकडे दवाखान्याची वाट ठणका लागल्यावरच धरली जाते. दाताच्या किडीत निदान ठणका सावध तरी करतो. हिरडीच्या आजारात ठणक्याची वाट पाहणाऱ्याला हलणारा दातच हाती लागतो.

म्हणून तपासणी. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधील फटीत हलकेच फिरवतात. खोली तीन मिलिमीटरपर्यंत असेल आणि रक्त येत नसेल, तर काळजी नाही. रक्त येते किंवा कीटण आहे, पण खोली वाढलेली नाही, अशा वेळी दात साफ करून घेणे आणि घरी नीट घासणे पुरेसे ठरते. चार-पाच मिलिमीटर खोली आढळली तर हिरडीच्या आतून सफाई करावी लागते व काही आठवड्यांनी पुन्हा मोजून पाहावे लागते. सहा किंवा त्याहून अधिक खोली असेल, दात हलत असतील, तर क्ष-किरण चित्र आणि हिरड्यांचे तज्ज्ञ हवेत. आपल्याच जिल्ह्यात लोणी येथे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. पू, चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जावे. सफाईने दात खिळखिळे होतात, ही समजूत चुकीची आहे. कीटणाने झाकलेली झीज ते निघाल्यावर उघडी पडते, इतकेच.

एक धोका विशेष सांगितला पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून आजार असूनही रक्त कमी येते. त्याची थुंकी स्वच्छ दिसते आणि तो निर्धास्त राहतो. त्याने रंगावर विसंबू नये, मोजमाप करून घ्यावे. मशेरी लावणाऱ्या माता-भगिनींनी तिला दंतमंजन समजू नये. ती भाजलेली तंबाखूच आहे. मधुमेहींनीही वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे, कारण साखर वाढली की हिरडी बिघडते आणि बिघडलेली हिरडी साखर आवरू देत नाही.

मिस्वाकची सुन्नत आपण जाणतोच. उम्मतला जड जाईल ही चिंता नसती तर प्रत्येक नमाजबरोबर तिचा आदेश दिला असता, असा प्रेषितांच्या (स.) उद्गारांचा आशय आहे. अंतिम घटकेलाही त्यांची नजर मिस्वाककडे गेली, आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी ती चावून मऊ करून दिली. पीलूची असो वा आपल्या माळावरच्या लिंब-बाभळीची, काडी रोजचा मऊ थर काढते. दगडासारखे झालेले कीटण मात्र तिने निघत नाही. उपचार करा, असेही प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे. मिस्वाक करणाऱ्याने दवाखान्यात जाणे म्हणजे सुन्नतवरील विश्वास कमी पडणे नव्हे.

मकतबमध्ये शिकवताना एक गोष्ट रोज जाणवते. सा, जाल, जा या अक्षरांसाठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावे लागते. फा उच्चारताना खालच्या ओठाला तेच दात लागतात. ते गेले की वर्षानुवर्षांची तिलावत बदलते. पडल्या दातांच्या वृद्धाचे उच्चार अल्लाह माफ करील, यात शंका नाही. पण वाचवता येणारे दात आपण पडू का द्यावेत?

महिला डॉक्टर जवळ नसेल तर गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवणे जायज आहे. महरम सोबत असावा. रमजानमध्ये सफाई इफ्तारनंतर ठेवावी, कारण पाणी आणि रक्त घशात जाण्याची शक्यता असते. सूज वाढली असेल तर मात्र रात्रीची वाट पाहू नये. रोजा तोडावा लागलाच तर त्याची कजा नंतर करता येते.