नखाला लागलेला ओरखडा

मोटारीच्या रंगावरचा ओरखडा हा काही चिंतनाचा विषय नव्हे, असे आपल्याला वाटेल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत मलाही तसेच वाटत होते. माझ्याजवळ मोटार नाही; एक जुनी निळी स्कूटर आहे, आणि मोटारवाल्या शेजाऱ्यांविषयी निवृत्त मास्तराला शोभेल इतपतच मत्सर मला वाटत आला आहे. पण त्या पावसाळ्यात एका ओरखड्याने माझी पंधरा दिवस झोप उडवली, आणि त्यातून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो अजून पुरता सुटलेला नाही.

घडले ते असे. पुण्यातल्या आमच्या इमारतीखाली गाड्या ठेवण्याची जागा म्हणजे एक चिंचोळा बोळच आहे. एका संध्याकाळी स्कूटर बाहेर काढताना ओल्या फरशीवर चाक घसरले, स्कूटर कलंडली आणि तिच्या पुढच्या पत्र्याची कड अप्पांच्या पांढऱ्या मोटारीच्या मागल्या दाराला खरवडत गेली. चांगला वीतभर ओरखडा पडला. आजूबाजूला कोणी नव्हते. अप्पा गावाला गेले होते. परवा आले की सांगू, असे मी मनाशी ठरवले, आणि ते अगदी प्रामाणिकपणे ठरवले होते, यावर आपण विश्वास ठेवा.

अप्पा आले त्या सकाळी मी दूध आणायला गेलो होतो. परत येईतो खटला चालून निकालही लागला होता. आमच्या रखवालदाराचा मुलगा कॉलेजात जातो आणि पहाटे सात-आठ गाड्या पुसून फीचे पैसे मिळवतो. तो मान खाली घालून उभा होता आणि अप्पा म्हणत होते, "फडक्यात खडा असणार तुझ्या, दुसरं काय! उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नकोस." "नाही हो अप्पा, मी नाही केलं," एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. ते ऐकून आणखी दोघांनी त्याला आपल्या गाड्यांवरून दूर केले. मी हातात दुधाची पिशवी घेऊन मुकाट्याने जिना चढलो.

भित्र्या माणसाचे कर्ज चक्रवाढ दराने वाढते. पहिल्या दिवशी एक वाक्य पुरले असते. तिसऱ्या दिवशी त्या वाक्याबरोबर मधल्या दोन दिवसांचाही हिशेब द्यावा लागणार होता, आणि आठव्या दिवशी तर मूळ रकमेपेक्षा व्याजच भारी झाले होते.

आठव्याच दिवशी अप्पा म्हणाले, "मास्तर, रिकामेच आहात ना? चला, गाडी रंगाऱ्याला दाखवून येऊ." मी गेलो. नाही म्हणायला कारण काय देणार?

रंगाऱ्याने काय करावे? त्याने आधी अंगठ्याचे नख ओरखड्यावरून आडवे फिरवले. मी कुतूहलाने विचारले, तसा तो खुलला. मोटारीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यांवर काचेसारखे पारदर्शक लॅकर. हे चारही थर मिळून जाडी भरते ती एक-दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास. साधे पोस्टकार्डही याहून जाड असते. नख अडकले नाही, तर ओरखडा वरच्या लॅकरपुरताच आहे असे समजायचे. तो पॉलिशने जातो.

"म्हणजे पॉलिशने भरून येतो?" मी विचारले.

तो हसला. "भरत नाही काका. त्याच्या बाजूचं सगळं घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं. मग ओरखडा राहातच नाही."

हे मला अगदी नवे होते. ओरखडा डोळ्यांना दिसतो तो त्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. दोन हजार नंबरचा पाण्याचा कागद आणि मग रबिंग पॉलिश घेऊन भोवतालचे निर्दोष लॅकर हलक्या हाताने झिजवत नेले की कडा नाहीशा होतात. जखम बरी होत नाही. शेजारची धडधाकट कातडी तिच्या पातळीवर आणली जाते. अर्थात हा उपाय फार वेळा करता येत नाही. लॅकर संपते, आणि खालचा रंग उन्हापुढे उघडा पडतो.

अप्पांच्या गाडीवर मात्र नख अडकले होते. तेव्हा घासून प्रायमर, रंग, लॅकर असे सगळे पुन्हा चढवणे आले. रंगाचा नंबर गाडीवरच्या पट्टीवर असतो, पण नंबरावरून कालवलेला रंग जुन्या गाडीशी तंतोतंत जुळत नाही. मधल्या वर्षांत उन्हाने मूळचा रंग बदललेला असतो. म्हणून हुशार रंगारी नव्या रंगाचा फवारा विरळ करत करत शेजारच्या दारावरही नेतो. फरक राहातो, पण तो कोठे सुरू होतो हे नजरेला सापडत नाही.

बोलता बोलता त्याने थिनरमध्ये फडके बुडवून ओरखड्यावरून फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. त्यावर निळसर डाग होता. "फडक्यातल्या खड्याचा नाही हा. कुठली तरी निळी गाडी घासलीय." अप्पा रस्त्यावर टेलिफोनवर बोलत उभे होते. ते आत आले तेव्हा फडके डब्यात पडले होते, आणि मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होतो.

चार दिवसांनी गाडी आली. ओरखडा शोधूनही सापडेना. आणि त्या क्षणी मला जे वाटले ते सांगायला संकोच वाटतो: मला हायसे वाटले. हानी होती, ती उरली नाही. मग कबूल करायचे ते काय? अप्पांना पडलेला खर्च तेवढा देणे लागत होतो. मी एका पाकिटात पैसे घातले, वर नाव घातले नाही, आणि ते त्यांच्या पत्रपेटीत टाकायचे ठरवले. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात न्यायाधीशाला जवळजवळ भूमितिज्ञाच्या जागी बसवले आहे: एकाकडे जास्त झालेला तुकडा कापायचा, दुसऱ्याच्या तोकड्या रेषेला जोडायचा, की दोन्ही रेषा समान. माझे पाकीट हा तसलाच तुकडा होता. हिशेब बिनचूक होता. पण त्या हिशेबात रेषा दोनच होत्या, आणि खाली अंगणात तिसरा एक जण रोज सकाळी तीन गाड्या वगळून उरलेल्या पुसत होता.

मनुस्मृतीशी माझी भांडणे पुष्कळ आहेत. तरी तिच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे जे उपाय सांगितले आहेत त्यांचा क्रम मला त्या रात्री विलक्षण वाटला. पहिले ख्यापन, म्हणजे आपले कृत्य आपल्या तोंडाने सांगणे. मग अनुताप, तप, अध्ययन. दानाची सोय आहे, पण ती आपत्काळापुरती. मी आपत्काळाची सोय पहिल्यांदा वापरायला निघालो होतो!

भरपाईने काम भागत असताना सांगण्याला इतका मान का? मला उमगले ते एवढेच. दारावरचा ओरखडा अप्पांचा होता. पण अप्पांच्या मनात त्या मुलाविषयी जी समजूत बसली होती ती माझ्या मौनाने बसवली होती, आणि तिला कोणताही कागद, कोणतेही पॉलिश पोहोचत नव्हते. उलट, ओरखडा दिसत होता तोवर त्याच्या बाजूने साक्ष देणारे काही तरी जगात होते. त्यातला निळा रंग होता. दुरुस्तीने अन्याय मिटला नाही. अन्यायाचा पुरावा मिटला, आणि त्यावर लॅकरही चढले.

सकाळी मी अप्पांकडे गेलो आणि सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले, मग हसले. "अहो मास्तर, एवढंच ना? गाडी झाली की पूर्वीसारखी! जाऊ द्या." पाकीट त्यांनी घेतले नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. मी म्हणालो, "आणि त्या पोराचं काय?" तेव्हा मात्र ते चष्मा पुसू लागले. "मी काही फार बोललो नव्हतो त्याला," ते म्हणाले.

आम्ही दोघेही खाली गेलो. उरलेल्या दोघांनाही मी बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर सांगितले. मुलगा फडके पिळत उभा होता. "मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "तुमच्या स्कूटरच्या कडेला पांढरा रंग लागला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो."

त्याची तिन्ही गाड्यांची कामे त्याला परत मिळाली. तो पहाटे येतो, पूर्वीसारखाच मन लावून पुसतो. फक्त अप्पांच्या गाडीपाशी आला की तो वर पाहातो. अप्पा गॅलरीत येऊन उभे राहीपर्यंत थांबतो. मग बादलीतून फडके काढतो, दोनदा झटकतो, दोन्ही हातांनी ताणून गॅलरीच्या दिशेने उंच धरतो, आणि अप्पांनी मान हलवली की मगच ते दाराला लावतो.