स्वेच्छेनें सोडली, कीं सोडावी लागली?

मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरून कामण व भिवंडी यांकडे जेथें फांटा फुटतो, तेथें तुंगारेश्वराच्या डोंगरांजवळ चिंचोटी गांव आहे. पावसाळ्यांत येथील धबधबा पाहावयास दुरून लोक येतात. परंतु बाराही महिने त्या फांट्यावर जी गर्दी असते, ती पोटासाठीं निघालेल्यांची. कोणी वसईच्या कारखान्यांत जातो, कोणी भिवंडीच्या गुदामांत.

सन २०२० सालच्या टाळेबंदीनंतर ह्या बाजूच्या एका घरीं आम्ही बसलों असतां एक प्रश्न आमच्यापुढें आला. घरधन्याचा पगार मालकानें प्रथम एक तृतीयांश कमी केला. कांहीं महिन्यांनीं पुन्हां कात्री लावली. राहिलेल्या पैशांत घरभाडें व मुलांची फी भागेना. तेव्हां त्यानें राजीनामा दिला. आतां बेकारीच्या भत्त्यासाठीं अर्ज करावा असा विचार घरांत चालला होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मुकादम ओळखीचा आहे. 'कामावरून कमी केलें' असा दाखला त्याच्याकडून आणा, म्हणजे काम झालें." घरधनीण चुलीपाशीं बसली होती. ती म्हणाली, "अहो, नोकरी आपण होऊन सोडली ना? मग काढून टाकलें असें कसें लिहावयाचें?" दोघांनींही आमच्याकडे पाहिलें. आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्यानंतर जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम नियम काय आहे तें पाहूं. इंग्लंडांत १९११ सालीं बेकारीच्या सरकारी विम्याचा कायदा झाला. त्यांत असें ठरलें कीं, योग्य कारणावांचून जो आपण होऊन काम सोडील त्यास सहा आठवडे भत्ता मिळूं नये. 'योग्य कारणावांचून' हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आपल्या देशांत कामगार राज्य विम्याच्या निधींतून १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तींत प्रथम सरासरी वेतनाचा चौथा हिस्सा व २०२० पासून निम्मा, असा अधिकांत अधिक ९० दिवस, तोही आयुष्यांत एकदांच, भत्ता ठेविला आहे. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून ज्यास काढलें, जो वयोमानानें निवृत्त झाला, किंवा ज्यानें स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यास तो मिळावयाचा नाहीं. सर्व भांडण आहे तें ह्या 'स्वेच्छा' शब्दाचें.

स्वेच्छा म्हणजे काय? ज्यास दोन वाटा मोकळ्या आहेत व जो त्यांतील एक निवडतो, त्याची ती स्वेच्छा. घरास आग लागली असतां जो दाराबाहेर पडतो, तो आपल्याच पायांनीं चालतो खरा; पण त्यानें घर स्वेच्छेनें सोडलें असें कोणी म्हणत नाहीं. ज्या वेतनाच्या बोलीवर माणूस कामास लागला, तें वेतन एका बाजूनेंच मोडलें, तर करार प्रथम कोणीं मोडला? कायद्यासही हें अगदींच अमान्य नाहीं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें असें सांगितलें होतें कीं, कामगाराचें वेतन बदलावयाचें तर मालकानें २१ दिवस आधीं नोटीस द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेंही ती अट कायम राखिली आहे.

पुष्कळदां पगार कापण्यांतील हेतु निराळाच असतो. कामगारास कमी केलें तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागें १५ दिवसांचें वेतन भरपाई म्हणून द्यावें लागतें. तोच आपण होऊन गेला तर तें वांचतें. म्हणून कांहीं मालक दार लावून घेत नाहींत. आंत राहणें तेवढें अशक्य करितात. हा मालक बाहेरून निर्दोष दिसतो. पण खोट्याचा आरंभ त्याच्याच घरीं झाला. उलटपक्षीं, मागणी बुडाल्यामुळें खरोखर अडचणींत आलेला मालकही असतो. तो जर हिशेब उघडा करील, आपला स्वतःचा हिस्सा आधीं कमी करील, व चांगले दिवस आल्यावर कापलेलें परत देण्याचें लेखी वचन देईल, तर त्यास त्याच पंक्तीस बसविणें अन्यायाचें होईल.

मुंबईच्या गिरणीमालकांनीं १९२५ च्या सप्टेंबरांत मजुरींत साडेअकरा टक्के कपात केली, तेव्हां सुमारें दीड लाख कामगारांनीं काम बंद ठेविलें. त्यांस बेकारीचा भत्ता नव्हता. गांवचें घर हाच त्यांचा विमा. डिसेंबरांत सरकारनें कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली व मालकांनीं कपात मागें घेतली. ते कामगार एकजुटीनें थांबले, म्हणून 'तुम्ही स्वेच्छेनें गेलां' असें त्यांस कोणी म्हणूं शकलें नाहीं. चिंचोटीच्या फांट्यावरून जाणारा माणूस मात्र बहुधा एकटा असतो, आणि एकट्याचा राजीनामा त्याच्याविरुद्ध वाचणें सोपें असतें.

शास्त्रांत याकोब व लाबान यांची गोष्ट आपण सर्वांनीं वाचली आहे. लाबानानें त्याची मजुरी दहा वेळां बदलली. याकोबाचें जाणें न्यायाचें होतें. पण तो चोरून गेला, आणि त्याच्या बिऱ्हाडांत चोरीची वस्तु निघण्याजोगी होती. न्यायाची बाजू असूनही त्यास पाठलाग सोसावा लागला. पुढें डोंगरावर त्यानें आपल्या वीस वर्षांच्या चाकरीचा हिशेब उघडपणें मांडला, तेव्हांच लाबान निरुत्तर झाला.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे. मेव्हणा म्हणतो तो दाखला आणूं नये. मालकाच्या खोट्यानें आपलें खोटें खरें होत नाहीं. शिवाय विम्याचा निधि मालकाच्या एकट्याच्या खिशांतला नव्हे. २०१९ च्या जुलैपासून त्यांत मालकाचे सव्वातीन टक्के व कामगाराचा पाऊण टक्का जमा होऊं लागला. आजाऱ्याचें औषध व बाळंतिणीचा भत्ता त्यांतूनच जातो. परंतु घरधनीण म्हणते तसें, 'आपण सोडली' एवढेंच लिहून गप्प बसणें हेंही पुरतें सत्य नव्हे. अर्धें सत्य लिहून स्वतःच्या मुलांचा घांस टाकून देणें ह्यास आम्ही सद्गुण म्हणत नाहीं. अर्जांत असें लिहावें: 'अमुक तारखेस पगार इतका कमी केला, अमुक तारखेस पुन्हां इतका, म्हणून मीं नोकरी सोडली.' सोबत पगाराच्या पावत्या जोडाव्या व निर्णय ज्याचा त्यास करूं द्यावा. मागणें ही लबाडी नव्हे. लबाडी असते ती कारण लपविण्यांत.

ज्यांच्यावर अशी वेळ अजून यावयाची आहे, त्यांनीं आधींच सावध असावें. पगार कमी होतांच आपली नापसंती लेखी कळवावी व प्रत ठेवावी. कोऱ्या कागदावर सही करूं नये. राजीनामा द्यावाच लागला तर 'घरगुती कारणास्तव' हे नेहमींचे शब्द न लिहितां खरें कारण लिहावें. कारण तो कागदच पुढें साक्षीदार होतो. पांच वर्षांची अखंड सेवा झाली असल्यास, राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क जात नाहीं, हेंही विसरूं नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती त्या घरासाठीं नसून आपणां सर्वांसाठीं आहे. खरें लिहिणाऱ्याचा अर्ज नामंजूर होऊं शकतो, व खोटा दाखला आणणाऱ्यास तीन महिने निम्मा पगार मिळूं शकतो. असें झालें तर सत्याची किंमत त्या एका घराच्या डब्यांतून भरली जाते. आम्ही त्यास 'खरें लिही' असा उपदेश करून घरीं जातों, जेवतों व निजतों. हा उपदेश फार स्वस्त आहे. शेजाऱ्यास खरें बोलावयास सांगणाऱ्यानें त्या खऱ्याच्या खर्चाचा वांटा उचलला पाहिजे. एक पायली तांदूळ, मुलाच्या फीचा एक हप्ता, कामाची एखादी खबर, ज्यास जें जमेल तें त्यानें द्यावें.

त्या गृहस्थांनीं मुकादमाकडून दाखला आणला नाहीं. आम्हीं त्यांच्याकडे रिकाम्या हातीं पुन्हां जाऊं नये, एवढें तरी आम्हांस त्या दिवशीं कळलें.