संकल्प बदलला

।। श्री गुरुदेव दत्त ।।

दत्तजयंतीच्या अंकात आपण दरवर्षी गुरुकृपेचे अनुभव वाचतो. कुणाचं दुखणं बरं होतं, कुणाचं अडलेलं काम मार्गी लागतं. माझी सौभाग्यवती मात्र बरी झाली नाही. तरीही जे घडलं त्याला मी कृपाच म्हणतो.

मी बँकेत क्लार्क होतो. घोडपदेवच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी हिला कर्करोग निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात दीड वर्ष उपचार झाले. मग एके दिवशी डॉक्टरांनी मला शेजारी बसवून सांगितलं, "काका, आता औषधांनी रोग हटणार नाही. पण वेदना कमी ठेवता येतील." त्यांनी वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाचं नाव सुचवलं.

मला रागच आला. शेवटच्या दिवसांत घरचं माणूस बाहेर ठेवायचं? शेजारीपाजारी काय म्हणतील? मी मुदतठेव मोडली, आणखी एका डॉक्टरांकडे कागद दाखवायचं ठरवलं आणि घरी गुरुचरित्राचा सप्ताह मांडला. संकल्प एकच, ही बरी होऊ दे. माहूरहून आलेल्या साध्वीचा गेलेला पती श्रीगुरूंनी गाणगापुरी उठवला, मग माझंच का ऐकणार नाहीत?

चौथ्या दिवशी नेमकी तीच कथा वाचून झाली. रात्री ही कळांनी तळमळत होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "अहो, हे पारायण माझ्यासाठी करताय की स्वतःसाठी? मला आता बरं व्हायचं नाही. एवढं दुखणं थांबवा म्हणावं महाराजांना."

रात्रभर डोळा लागला नाही. दोनच दिवसांपूर्वी वाचलेली पोटशूळाची कथा आठवली. व्यथेला कंटाळून गंगेत जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी 'तुझा भोग तू भोग' म्हणून सोडून दिलं नाही. जवळ बोलावलं, सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घातलं, त्याची व्यथा घालवली. आपण मात्र दुसऱ्याच्या वेदनेला 'प्रारब्ध' म्हणून किती सहज मोकळे होतो!

सप्ताह मध्येच मोडू नये म्हणतात. मी मोडला नाही, संकल्प बदलला. 'महाराज, हिला त्रास होऊ देऊ नका.' समाप्ती झाली आणि आम्ही वांद्र्याला गेलो.

शांती अवेदना सदन हे आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. लुइस डिसूझा यांनी ते १९८६ साली सुरू केलं. रोग हाताबाहेर गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची तिथे जातधर्म न पाहता विनामूल्य सेवा होते. वेदनेवर मोजून औषध देतात, जखमा धुतात, कूस बदलतात, घरच्यांशीही बोलतात. सेवा करणाऱ्या नन आहेत. हिच्या उशाशी दत्ताची तसबीर मी बिचकतच ठेवली. त्यातल्या एकीने ती हिला नीट दिसेल अशी फिरवून दिली.

तिसऱ्या दिवशी ही शांत झोपली. उठल्यावर पहिला प्रश्न, "दूधवाल्याचे पैसे दिलेत का?" कितीतरी महिन्यांनी माझी बायको मला परत भेटली. असे सतरा दिवस मिळाले.

अठराव्या दिवशी पहाटे ती गेली. आदल्या रात्री मी घरी आलो होतो. निरोप आला तेव्हा कॉटन ग्रीनहून निघून वडाळ्याला गाडी बदलत होतो. शेवटच्या क्षणी जवळ नव्हतो, ही बोच आहे आणि राहील. त्या दिवसांत मी निजगमनाचा अध्याय पुन्हा वाचला. श्रीगुरू पुष्पासनावर बसून निघाले, तेव्हा जिवाभावाचे शिष्यही तीरावरच राहिले. प्रसादाची फुलं मात्र त्यांच्यापर्यंत आली. ते सतरा दिवस माझी फुलं आहेत.

भक्तहो, घरी नीट सेवा होत असेल तर घरीच करा. वेदना आवरत नसेल, तर आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. अशी पथकं घरीही येतात. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आणि रुग्णाला बोलता येतंय तोवर एकदा त्यालाच विचारा, की तुझ्यासाठी देवाकडे काय मागू?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!