वाचविणाऱ्या हातून झालेली इजा

छातीवर जबर आघात होऊन फुप्फुस फाटले, की त्यातील हवा बाहेर साठत जाते, फुप्फुस दबते, प्रसंगी हृदयाकडे परतणारे रक्तही अडते आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. पुणे-हैदराबाद महामार्ग सोलापुरातून जात असल्याने असे जखमी येथील रुग्णालयांस नवखे नाहीत. उपाय जुनाच आहे. दोन बरगड्यांमधून नळी घालावयाची आणि तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली ठेवावयाचे. आतील हवा बुडबुड्यांवाटे निघते, बाहेरची आत शिरत नाही. रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात, म्हणून नळीची वाट खालील बरगडीच्या वरच्या कडेवरून काढतात. एवढे जपूनही क्वचित नळी फुप्फुसातच रुतते, यकृताला किंवा प्लीहेला इजा होते. अगदी विरळा हृदयालाही. कधी बरेच दिवस मिटलेले फुप्फुस एकाएकी उलगडते आणि त्यातच पाणी भरते. उपाय लागू पडला, म्हणूनच रुग्ण गुदमरतो!

आजाऱ्यांना अभ्यंग देण्यासाठी आम्ही रुग्णालयात जातो, तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: वाचवावयास गेलेल्या हातानेच मारले, तर ते पाप नव्हे काय?

एकाच कृतीचा एक परिणाम हेतूतला व दुसरा हेतूबाहेरचा असू शकतो, हा भेद संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आत्मसंरक्षणाच्या संदर्भात मांडला. आमच्या पिढीने सेमिनरीत तो घोकला. पण १८६० च्या भारतीय दंड संहितेतील दृष्टान्त आम्हांस अधिक बोलका वाटतो. वाघ एका माणसाला ओढून नेत आहे. गोळीने त्या माणसाचाच प्राण जाण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही, त्याला मारण्याचा हेतू नसताना, दुसरा त्याच्या हितासाठी वाघावर गोळी झाडतो, आणि माणसाला प्राणघातक जखम होते. तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे. मात्र कायद्याच्या लेखी सद्भाव म्हणजे नुसती चांगली इच्छा नव्हे. त्यात योग्य काळजी व लक्ष येते. बाजू न तपासता भलत्याच कुशीत नळी घालणाऱ्याला हा वाघ वाचविणार नाही.

येथवर फारसा मतभेद नसावा. आम्हांस बोचते ते यापुढचे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या एका तरुणास पुण्यास आणले गेले. उपचारानंतर त्याच दिवशी तो दगावला. प्रकरण छातीचे नव्हे, तरी आमच्या प्रश्नाला भिडणारे आहे. प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण निराळेच दाखविले होते. उपचाराचा आघात हे खरे कारण झाकण्यासाठी तसे केले गेले, हा निष्कर्ष १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. हाड बसविताना घाई होती असे कोणी म्हणेल. प्रमाणपत्र लिहिताना कोणती घाई होती?

डॉक्टरांची भीती आम्ही खोटी मानीत नाही. त्यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. खरे बोललेल्या डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारे त्या मौनाचे अंशतः धनी आहेतच, आणि त्यांत आमच्या धर्मग्रामांतील माणसे नसतील असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तरीही नळी ज्याने घातली त्यानेच, त्याच दिवशी, व्हरांड्यात उभ्याउभ्या नव्हे तर नातेवाइकांजवळ बसून, ‘नळी घालताना यकृताला इजा झाली’ हे साध्या मराठीत सांगितले पाहिजे. त्या वेळी शेजारी कोणी धर्मगुरू हवा असेल, तर रात्री-अपरात्री बोलवावे.