फळ सोडणे आणि फळापासून पळणे

सोनाराने कान टोचावेत, असे आपल्याकडे म्हणतात. घरच्या माणसाचे कोणी ऐकत नाही. तेच बाहेरच्या जाणत्याने सांगितले की पटते. पण कान टोचून झाले की सोनार आपल्या दुकानात परततो. पुढे कित्येक दिवस कान पिकू नयेत म्हणून तेल-हळद लावते ती आई. मूल रडते तेही तिच्याच मांडीवर. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा : या दोघांत अनासक्त कोण?

हा प्रश्न मला माझ्या मावसभावामुळे पडला. दादा सहा वर्षे मुंबईत एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीत होता. एखाद्या उद्योगात जायचे, दहा-बारा आठवडे तिथली माणसे, हिशेब आणि कामाच्या पद्धती अभ्यासायच्या, अहवाल द्यायचा आणि पुढच्या शहरात जायचे, असे त्याचे काम. घरच्या सत्संगात तो एकदा म्हणाला होता, “माझी नोकरी म्हणजे कर्मयोगच आहे. मनापासून काम करतो, अहवाल देतो, विमानात बसतो. पुढे काय झाले याची ओढ नाही.” आम्हा सगळ्यांना ते पटले होते.

मग वहिनीला चंदीगडला नोकरी लागली आणि दादाने तिथल्या आयटी पार्कमधील एका कंपनीत वित्त विभागाचे काम घेतले. किशनगडजवळचा हा परिसर 2005 पासून सुरू आहे. काचेच्या इमारती, समोर शिवालिकचे डोंगर, नियमित वेळ. आता निवांत झालास, असे आम्ही म्हणालो. दादा मात्र अस्वस्थ होता. बैठकीत त्याने पहिली सुधारणा मांडली, तेव्हा वरिष्ठांनी शांतपणे विचारले, “छान आहे. सोमवारपासून हे कोण करणार?” सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. कारण सोमवारी तो तिथे नसायचा.

ते काम त्यानेच अंगावर घेतले. बिले मंजूर करण्याची पद्धत बदलली. एकाऐवजी तीन मंजुऱ्या, सगळे संगणकावर. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. लेखा विभागातील एक जुने सहकारी छोट्या पुरवठादारांची वेगळी वही ठेवत. ती दादाने बंद करायला लावली. दोन महिन्यांनी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी गाड्या पुरवणारा एक ठेकेदार स्वागतकक्षात येऊन बसला. त्याची बिले तिसऱ्या मंजुरीपाशी अडकली होती. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, तुमची पद्धत चांगलीच असेल. पण माझ्या ड्रायव्हरांना मी काय सांगू?”

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर 45 दिवसांत दिले पाहिजेत, हे 2006 च्या कायद्यातील कलम मी परीक्षेसाठी पाठ केले आहे. दादालाही ते ठाऊक होते. पण कलम ठाऊक असणे वेगळे आणि त्या माणसासमोर खुर्चीत बसणे वेगळे. त्या रात्री दादाचा फोन आला. “पूर्वी माझे मन मोकळे असायचे,” तो म्हणाला, “आता रात्री झोप लागत नाही. साधनेत मी मागे चाललोय का रे?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. नंतर गीता उघडून बसलो. दुसऱ्या अध्यायातील 47 वा श्लोक आपण सगळे म्हणतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, एवढे आपल्या लक्षात राहते. त्याच श्लोकाच्या शेवटी अकर्माचीही ओढ नको असे बजावले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. कर्म दुःखाचे आहे, त्याने शरीराला क्लेश होतील, या भीतीने ते सोडणे हा राजस त्याग. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही.

इथे मला दादाच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. फळाची आसक्ती सोडायची, तर आधी फळ समोर यावे लागते. यश समोर यावे आणि मान ताठ होऊ नये. अपयश समोर यावे आणि हात गळू नयेत. जो फळ यायच्या आधीच निघून जातो, त्याने काय सोडले? मुंबईतले त्याचे मन मोकळे होते ते बहुधा अनासक्तीने नव्हे, अनुपस्थितीने. त्याचे अहवाल प्रामाणिक होते. पण त्याच्या शांतीची परीक्षा कधी झालीच नव्हती. चंदीगडला ती सुरू झाली. तो मागे गेला नव्हता.

योगायोग असा की चंदीगड शहराच्या जन्मातच ही गोष्ट आहे. शहराचा आराखडा ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाचा. पंजाब सरकारचे सल्लागार म्हणून ते वर्षातून दोनदा, साधारण महिनाभर येत. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे 1951 मध्ये आले ते तिथेच राहिले. रोजचे बांधकाम पाहणे, सरकारी कर्मचाऱ्यांची घरे आखणे, स्थानिक साहित्यातून साधे फर्निचर घडवणे, तरुण भारतीय वास्तुविशारदांना शिकवणे यांत त्यांची चौदा वर्षे गेली. 1965 मध्ये आजारपणामुळे ते परतले आणि 1967 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. तो तलाव आयटी पार्कपासून जवळच आहे. जगात नाव झाले ते मुख्यतः आराखडा देणाऱ्याचे. पण जो राहिला, त्याने आपली माती कुठे मिसळावी हे ठरवताना त्या गावाची निवड केली.

सुखना तलावाचेही तसेच. 1958 मध्ये तो बांधला गेला, आणि डोंगरातून वाहून येणाऱ्या मातीने भरू लागला. नंतरच्या काळात पाणलोटात छोटे बंधारे घातले गेले, झाडे लावली गेली, आणि शहरातील सामान्य लोकांनी श्रमदानाने तलावातला गाळ उपसला. बांधण्याचा क्षण एकदाच येतो. गाळ दर पावसाळ्यात येतो.

मग सल्ला देणाऱ्याचे काम कमी दर्जाचे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आराखडा नसता तर राहणाऱ्यांनी काय बांधले असते? आतल्या माणसाला सवयीने जे दिसेनासे होते, ते बाहेरच्याला दिसते. राहणाऱ्यालाही स्वतःचा रोग असतो : हे खाते माझे, ही पद्धत माझी, ही खुर्ची माझी. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णांनी शस्त्र न धरण्याचे ठरवले होते. त्या अर्थाने ते सल्लागारच. पण ते डोंगरावर बसून सल्ला देत नव्हते. लगाम त्यांच्या हातात होते आणि अर्जुनाच्या रथावर येणारे बाण त्यांच्याही अंगावर येत होते. शल्यही सारथीच होता. तो कर्णाच्या रथावर बसला, पण मनाने त्या रथात नव्हता. म्हणून त्याच्या बोलण्याने कर्णाचे बळ खचले. सल्ल्याची किंमत देणारा किती दिवस थांबतो यावर नाही, तर ज्याला सल्ला देतो त्याचे सुखदुःख तो आपले मानतो का, यावर ठरते.

म्हणून आपण कोणत्याही बाजूला असलो, तरी स्वतःला एक प्रश्न विचारता येईल. सल्ला देताना : मला इथेच राहायचे असते, तर हेच सांगितले असते का? आणि राहून काम करताना : मी आजच इथे आलो असतो, तर हे असेच चालू दिले असते का? पहिल्या प्रश्नाने जबाबदारी येते, दुसऱ्याने साक्षीभाव. मुलांना, सुनेला, शेजाऱ्याला उपदेश करतानाही पहिला प्रश्न विचारून पाहा. बरेचसे बोलणे आपोआप कमी होते.

दादाने ती वही पुन्हा सुरू केली. दर महिन्याच्या 25 तारखेला तो त्या जुन्या सहकाऱ्यांशेजारी बसून अडकलेली बिले एकेक पाहतो. झोप अजून रोज लागतेच असे नाही. पण साधनेत मागे चाललोय का, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारलेला नाही.

राहिला मी. या संकेतस्थळासाठी संतांचे आणि आचार्यांचे उपदेश मराठीत आणण्याची सेवा मी करतो. लेख पूर्ण झाला की पाठवतो आणि पुढचा उघडतो. दादाशी बोलल्यानंतर एक छोटी सवय लावून घेतली आहे. लेख पाठवण्याआधी त्यातली एक गोष्ट निदान एक दिवस स्वतः करून पाहतो. बऱ्याचदा जमत नाही. न जमल्याचे ते फळ तेवढे माझे, त्याच्याजवळ मी बसून राहतो.