द्राक्षमळ्यातील वाटसरू आणि फुकटची पुस्तके

पाठ : अनुवाद २३ : २४, २५



मोशेच्या नियमशास्त्रात वाटसरूविषयी एक लहानसा नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यातून जाताना भूक भागेपर्यंत द्राक्षे खाण्यास त्याला मोकळीक आहे, पण पाटी भरून नेण्यास नाही. उभ्या पिकाची कणसे त्याने हाताने खुडावीत, पण विळा लावू नये. बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांत द्राक्षबागा आहेत. तेव्हा हा नियम येथील वाचकांस फोड करून सांगण्याचे कारण नाही. देवाने भुकेल्याकडेही पाहिले व मळेवाल्याकडेही पाहिले.

आता मंडळ्यांत असे घडते की, एकाने नवे पुस्तक विकत आणावे, त्याची पाने मोबाइलवर टिपावीत आणि सगळ्याची पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकावी. उतरवून घेणाऱ्यांस त्यात काही वावगे वाटत नाही. उपदेशकाचे मानधन तुटपुंजे, पुस्तकांचे मोठे दुकान पुण्यास, आणि रविवारचा संदेश तर तयार झालाच पाहिजे! ही अडचण खरी आहे. ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत त्यांनी तरी तिला हसू नये.

परंतु “नक्कल केल्याने मूळ पुस्तक थोडेच कमी होते?” असे जे समर्थन करण्यात येते ते आम्हांस पटत नाही. पुस्तक कमी होत नाही हे खरे. कमी होते ती मजुरी. ऊस तुटला, कारखान्यात गेला, त्याची साखर झाली, पण तोडणाऱ्याचा हिशेब काही झाला नाही. अशा वेळी “तुझा कोयता तर तुझ्याच घरी आहे,” असे सांगितल्याने त्याचे समाधान होईल काय? अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात म्हटले आहे. लेखकास बहुधा विकलेल्या प्रतींच्या मानानेच मोबदला मिळतो. मराठी पुस्तकांचा खप आधीच बेताचा. त्यात फुकट प्रत गावोगाव फिरली म्हणजे पुढची आवृत्ती निघण्याची आशाही मावळते.

कोणी म्हणेल, पूर्वी लोक पोथ्या नकलून घेत, त्यांस कोणी चोर म्हणत नसे. खरे आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीस राहून जे विपुल काव्य रचले ते त्यांच्या काळी हातांनी लिहिलेल्या प्रतींतूनच पसरले. पण मोरोपंतांस बाबूजी नाईकांचा आश्रय होता; त्यांची चूल पोथीच्या विक्रीवर अवलंबून नव्हती. आजच्या लेखकास असा नाईक कोठून मिळणार? पुस्तक विकत घेणारा वाचक हाच त्याचा नाईक.

आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्याच्या पुस्तकांवरील हक्क टिकतो. पु. ल. देशपांडे २००० साली वारले. म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०६० सालाच्या अखेरीपर्यंत आहे. ही मुदत फार लांब आहे असे आमचे मत आहे, पण ती आपल्या गैरसोयीची आहे म्हणून रद्द होत नाही.

उलट पाहा, सरवा किती पडलेला आहे! बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. रेव्हरंड टिळक १९१९ साली व लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली वारल्या. त्यांचे मूळ लेखन आता सर्वांचे झाले आहे. पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली आपल्या शेजारच्याच केडगावी छापून निघाले. तेही आता मोकळे आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, आणि राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तके स्वतः होऊन तशीच दिली आहेत. ही पुस्तके खुशाल उतरवून घ्यावीत व वाटावीत. मात्र जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा नव्या संपादकाच्या असतात, हे ध्यानात असावे. रूथदेखील बवाजाच्या शेतात विचारून गेली होती.

हाताने कणसे खुडण्याइतकी सवलत ह्या कायद्यातही आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त प्रमाणात उतारा घेता येतो. उपासनेत गीत गाणे हा गुन्हा नाही. पण हक्क चालू असलेले गीतांचे पुस्तक छापून वाटणे त्या सवलतीत बसत नाही. दृष्टिहीन भावाबहिणींस उपयोगी पडेल अशा रूपात प्रत करून देण्यास २०१२ सालच्या दुरुस्तीने विशेष मोकळीक दिली आहे. हे काम आपल्या तरुणांनी अवश्य हाती घ्यावे.

राहिला प्रश्न ज्याच्यापाशी पैसेच नाहीत अशा वाचकाचा. त्याला “विकत घे, नाहीतर वाचू नको” असे सांगणे म्हणजे वाटसरूला मळ्याबाहेर हाकलणे होय. म्हणून मंडळीनेच दानातून एक प्रत घ्यावी. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी आपण जाणतोच. तशीच पुस्तकाची पाळी लावावी, प्रत्येक घरी पंधरा दिवस, आणि वहीत नोंद. पाळी शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्यास वर्ष लागत असेल, तर दुसरी प्रत घ्यावी.